एका पायाचा ठेका

१

दर महिन्याचा पहिला रविवार आला की इर्मा आणि ओडोन उजाडता उजाडता घराबाहेर पडत. पेच शहराच्या दक्षिण टोकाला जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. ओडोनच्या हाती सामान ओढायची दोन चाकांची गाडी, इर्माच्या पिशवीत डुकराची चरबी फासलेला पाव, कांदा आणि थर्मासभर कॉफी. खाण बंद होऊन ओडोन घरी बसला तेव्हापासून यात खंड पडला नव्हता. खाणीत तो वीजतंत्री होता. लोकांनी माळ्यावर टाकून दिलेले, ओल लागलेले, उंदरांनी वायरी कुरतडलेले अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेयर तो मातीमोल भावात उचलून आणायचा. पंधरा दिवस त्यांच्याशी झटायचा. मग एखाद्या दुपारी त्यांना कंठ फुटायचा.

भाव मात्र त्याने करायचा नाही, असा घरचा नियम होता.

"तू तोंड उघडू नकोस आणि चेहरा तर दाखवूच नकोस," इर्मा बजावायची. "एखादं यंत्र आवडलं की तुझे कान लाल होतात. त्या कानांपायी आजवर दुप्पट पैसे गेलेत आपले."

म्हणून ओडोन एकटाच फिरून यायचा, सॉसेजच्या टपरीपाशी थांबायचा आणि डावी भुवई खाजवायचा. ती खूण. मग इर्मा, जणू घरात आणखी एक खोकं आणायचा तिला मनस्वी कंटाळा आहे अशा थाटात, त्या दुकानाकडे वळायची. हा खेळ तिला ओडोनच्या संगीताहून जास्त आवडायचा. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी मैदानावर धुकं होतं. ओडोनने भुवई अशी खाजवली की केस हातात येतील.

दुकान कसलं, जमिनीवर पसरलेली ताडपत्री. तिच्यावर दारांच्या कड्या, दोन इस्त्र्या आणि अक्रोडाच्या लाकडी पेटीतला एक जड अ‍ॅम्प्लिफायर. पुढे पितळी पट्टी, काचेआड दोन काटे. बनवणाऱ्याचं नाव जिथे असतं तिथे स्क्रूची दोन भोकं फक्त. मागे एक हडकुळा, पन्नाशीचा माणूस उभा होता. शेजारच्या ताडपत्रीवरची बाई त्याला काराश म्हणत होती.

"हे धूड केवढ्याला?" इर्माने विचारलं.

"वीस हजार फोरिंट."

"दहा."

"घ्या."

इर्मा चपापली. समोरच्याने कपाळावर हात मारायचा, मुलाबाळांची शपथ घ्यायची, तिने पाठ फिरवायची, त्याने हाक मारायची, हे सगळं व्हायचं होतं अजून. "दहा मी उगाच म्हटलं," ती म्हणाली. "चालतं की नाही देव जाणे. पाच देईन."

"घ्या," काराश म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्ही लांब राहता का?"

"शहराच्या दुसऱ्या टोकाला. का?"

"बरं झालं."

त्याने नोटा न बघताच खिशात कोंबल्या, यंत्र स्वतः उचलून गाडीत ठेवलं आणि दुकान तसंच उघडं टाकून बसथांब्यापर्यंत गाडी ओढत आणून दिली.

बसमध्ये इर्मा खुशीत होती. "बघितलंस? विसाचे पाच केले."

ओडोन मागच्या काचेतून पाहत होता. "तो माणूस अजून तिथेच उभा आहे."

"असू दे. तुझे कान बघत असेल."

२

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, खाणकामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीत. सिमेंटच्या तयार भिंती, त्याही पातळ. खालच्या पाल्फीबाईंनी कपात साखर ढवळली तरी वर कळायचं. दोन खोल्यांपैकी मोठी ओडोनच्या यंत्रांची. तिला धुरकट काचेचं दार होतं, आणि यंत्रांच्या गर्दीत जेमतेम जागा काढून दोन आरामखुर्च्या ठेवलेल्या होत्या. खिडकीजवळची इर्माची. ती तिच्यावर वर्षा-दोन वर्षांत बसली नव्हती. स्वयंपाकघरातून ऐकलं तरी तिला पुरे व्हायचं.

ओडोनने नेहमीप्रमाणे यंत्र उघडलं आणि दहा मिनिटांत बंद केलं.

"करण्यासारखं काही नाही," तो थोडा हिरमुसून म्हणाला. "सगळं ठीक आहे. आत धूळसुद्धा नाही."

"मग चांगलंच आहे की."

"पन्नास वर्षांच्या यंत्रात धूळ नसते, इर्मा?"

"कुणाची तरी बायको टापटिपीची असेल."

सोमवारी दुपारी त्याने पहिली तबकडी लावली. इर्मा शेवयांवर खसखस आणि साखर पेरत होती. तिचा हात थांबला. या घरात इतकी यंत्रं वाजून गेली होती, पण असा आवाज नव्हता ऐकला. तो स्पीकरमधून येतोय असं वाटतच नव्हतं. चेलोवाला भिंतीपलीकडे बसून वाजवतोय, त्याच्या अस्तनीची सळसळसुद्धा ऐकू येतेय.

आणि कुणीतरी पायाने ठेका धरला होता. बुटाची टाच आणि लाकडी फरशी. टक. टक. टक.

इर्माला हसू आलं. चाळीस वर्षांच्या संसारात ओडोनने कधी ठेका धरला नव्हता. संगीत ऐकताना तो मेल्यासारखा बसायचा. आणि आज हा ठेका, तोही चुकीचा, दर वेळी किंचित उशिरा पडणारा. ती थट्टा करायला हात पुसत दारात गेली.

ओडोन डोळे मिटून बसला होता. पायांत लोकरी मोजे. दोन्ही पाय गालिच्यावर, अगदी स्थिर.

टक. टक.

"कोण वाजवतंय ते?" तिने विचारलं.

"श्श."

३

"तबकडीतच आहे ते," ओडोनने नंतर समजावलं. "बाकीच्या यंत्रांना जे पकडता येत नव्हतं ते हे पकडतं. वाजवणारा पाय आपटत असणार. माणसंच ना ती."

इर्माला पटलं. पटायला अडचण काहीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने पियानोची तबकडी लावली, तेव्हाही ठेका आला. पियानोवाल्याचे पाय पेडलवर असतात, हे तिच्या मनात आलं. तिसऱ्या दिवशी नाचाचं संगीत. तेव्हाही. मग तिने कपाटातून मुलांच्या गोष्टींची एक जुनी तबकडी शोधून काढली. नुसती एक बाई गोष्ट वाचत होती, संगीताचा पत्ता नाही. ती लावून इर्मा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

थोडा वेळ काही नाही. मग गोष्टवाल्या बाईच्या शब्दांमागून चाचपडत, अडखळत, टक.

ती खोलीत आली की आवाज नेमका कुठला ते कळत नसे. सगळीकडून आल्यासारखा वाटे. बाहेर गेली की स्पष्ट व्हायचा, आणि मग तिची खात्री पटायची की तो खिडकीजवळच्या खुर्चीच्या पायथ्याशी आहे.

यंत्र हादरतंय, म्हणून फळी वाजते, असं तिने स्वतःला सांगितलं. पाइपातलं पाणी असेल. खालच्या पाल्फीबाई मांस कुटत असतील. ही शेवटची शक्यता शनिवारी निकालात निघाली, कारण पाल्फीबाईच वर आल्या.

"काय हो, घोडा पाळलाय का?" दारातच त्यांनी सुरुवात केली. "माझ्या डोक्यावर नुसतं टकटक, टकटक. ओडोनला सांगा, घरात बूट काढावेत. माझा नवरा खाणीतून यायचा तो जिन्यातच काढायचा."

"ओडोनच्या पायांत मोजे आहेत," इर्मा म्हणाली.

"मग पाहुण्याला सांगा."

"पाहुणा नाही आलेला."

पाल्फीबाईंनी तिच्या खांद्यावरून धुरकट काचेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं," त्या म्हणाल्या आणि कठड्याला धरून खाली उतरल्या.

दुसऱ्या आठवड्यात इर्माच्या लक्षात आलं, की ठेका आता उशिरा पडत नाही. तो सुरांच्या नेमका बरोबर पडू लागला होता. जे कोण होतं ते शिकत होतं. आणि महिना संपायच्या आत एका दुपारी, भाजी चिरताना, तिला ऐकू आलं की टक आधी पडते आणि चेलोचा सूर तिच्या मागून येतो.

४

यंत्र आता बंद होत नसे. तबकडी संपली तरी काचेआडचा पिवळा दिवा तेवत राहायचा आणि काटे आपापले हलायचे. तबकडी नसली तरी ठेका असायचा.

ओडोन जेवायला येईनासा झाला. तिने ताट खोलीत नेलं. तो चावत होता, आणि दर टक बरोबर एकदा जबडा मिटत होता. तिने पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहत राहिली. तो बोलायचा तेही तसंच. "मीठ. कमी. आहे. जरा." प्रत्येक शब्दाखाली एक टाच.

"ओडोन, चल ना, बाहेर पडू या. बाजारापर्यंत जाऊ. मी सॉसेज खाऊ घालते."

"नको. बाहेर. ठेका. तुटतो."

"कुणाचा ठेका?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच ते समजावून सांगायला हवं होतं.

ती गुडघे टेकून त्याच्यापुढे बसली आणि त्याच्या छातीला कान लावला. चाळीस वर्षं त्या छातीवर तिने डोकं ठेवलं होतं. तिथली धडधड थोडी अडखळती, मध्येच एखादी उडी मारणारी. ती तिच्या ओळखीची होती. आता अडखळणं गेलं होतं. फरशीवर टाच पडायची आणि आत हृदय पडायचं.

मग ती उठली, भिंतीपाशी गेली आणि प्लग उपटला.

दिवा विझला. ठेका थांबला. खोलीत एवढी शांतता पसरली की पाल्फीबाईंचा रेडिओ ऐकू आला. इर्माने सुटकेचा श्वास टाकला आणि ती वळली.

ओडोनची मान कलली होती. तोंड अर्धवट उघडं, शब्द तसाच जिभेवर राहिलेला. छाती वर येत नव्हती. तिने त्याला हलवलं, गालावर चापट्या मारल्या, नावाने हाका मारल्या. त्याचे ओठ करडे पडू लागले. तिने धावत जाऊन, दोनदा चुकत, प्लग पुन्हा खोचला.

टक. आणि ओडोनने श्वास घेतला.

"मीठ," तो म्हणाला. "बरं. झालं. आता."

डॉक्टर घरी येऊन गेले. तरुण, सभ्य माणूस. त्याने नळी लावून बराच वेळ ऐकलं, मनगट धरलं, डोळ्यांत दिव्याचा झोत टाकला. "अहो काकू, काळजी कसली करता? या वयात इतकी नियमित नाडी मी पाहिली नाही," तो म्हणाला. "जरा उदास आहेत, काम सुटलं की पुरुषांचं होतं असं. फिरायला नेत जा." जाताना नकळत त्याने आपल्या बॅगेवर बोटांनी ठेका धरला होता. जिन्यात गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं असावं. त्याने हात झटकला.

५

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इर्मा एकटीच बाजारात गेली. पाल्फीबाईंना तिने वर बसवून ठेवलं होतं, "यंत्राच्या वायरीला हात लावू नका" असं चार-चारदा सांगून. काराशच्या जागी कुणीतरी सायकलींची चाकं मांडून बसलं होतं.

"त्याने बाजार सोडला," शेजारची बाई म्हणाली. "गरजच काय आता, भाऊ बरा झाला ना त्याचा. वर्षभर खुर्चीतून उठत नव्हता हो बिचारा. सप्टेंबरात एकदम उठला. परवा पाहिलं तर लाकडं फोडत होता." तिने पत्ता सांगितला. जुन्या कोळसा खाणीजवळची घरं, शेवटचं हिरवं फाटक.

काराश अंगणात अक्रोड फोडत बसला होता. इर्माला पाहून तो उठला नाही, की आश्चर्यही दाखवलं नाही. बाजूचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"पाय एकच वाजतो की दोन?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

इर्माने सगळं बोलायचं ठरवून आणलं होतं. शिव्यासुद्धा ठरवल्या होत्या. "एकच," ती म्हणाली.

"मग अजून जमेल. बंद करा ते."

"केलं होतं. तो श्वास घेईना."

"मग किती वेळ थांबलात?"

"थांबणार कशी? माझ्यासमोर ओठ काळे पडत होते त्याचे."

काराशने मान हलवली. "मीही नाही थांबलो. थांबायला हवं होतं. तो आपला आपण घेतो श्वास पुन्हा, असं मला वाटतं. खरं-खोटं माहीत नाही. मी पाहिलंच नाही ना थांबून." त्याने एक अक्रोड हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. "एकदा वाटलं होतं… नाही, जाऊ द्या. काय सांगणार."

घराच्या मागून एक माणूस आला. भरदार, तांबूस चेहऱ्याचा, दोन्ही हातांत बादल्या. "नमस्कार बाई," तो मोकळेपणाने म्हणाला. "थंडी पडली की नाही? आत या, चेरीची दारू आहे घरची." आणि उत्तराची वाट न पाहता, ऐटीत पावलं टाकत आत गेला. दार लागेपर्यंत काराश मान खाली घालून बसला होता.

"हा तुमचा भाऊ?"

"गल्लीतले सगळे म्हणतात, हा भाऊच. आईचं नाव सांगतो, लहानपणीचं सगळं सांगतो. मीही म्हणतो मग. दुसरं काय म्हणणार?"

"ते यंत्र फोडून का नाही टाकलंत?" इर्माचा आवाज चिरकला. "आमच्या गळ्यात का मारलंत?"

"त्यानेच सांगितलं," काराश दाराकडे पाहत पुटपुटला, "की बाजारात नेऊन दे."

इर्मा उठली. फाटकाकडे जाताना तिला मागच्या खोलीची खिडकी दिसली. पडदा आतून खिळ्यांनी ठोकलेला होता, आणि पडद्याआड आरामखुर्चीच्या पाठीसारखं काहीतरी उंच होतं. तिने पुन्हा पाहिलं नाही.

६

बसमध्ये ती स्वतःला बजावत होती. थांबायचं. काहीही झालं तरी थांबायचं. ओठ करडे पडोत, काळे पडोत, डोळे मिटून शंभरपर्यंत मोजायचं, हात धरून ठेवायचा आणि थांबायचं. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "बरं नाही का वाटत?" तेव्हा तिला कळलं की आपण हे मोठ्याने म्हणतोय.

पाल्फीबाई त्यांच्याच दारात उभ्या होत्या, खालच्या मजल्यावर.

"तुम्ही वर बसणार होतात ना?" इर्माने दम खात विचारलं.

"बसले होते हो. पण ओडोन उठून फिरायला लागले ना. म्हटलं, आता माझी काय गरज." त्यांचा चेहरा ओढलेला होता. "इकडून तिकडे, इकडून तिकडे. बराच वेळ. मी स्वयंपाकघरात होते. काचेतून नुसतं दिसत होतं."

"उठून फिरत होता? तुम्ही पाहिलंत?"

"कुणीतरी फिरत होतं ना," पाल्फीबाई म्हणाल्या.

इर्मा उरलेला जिना धावत चढली. कुलूप उघडतानाच तिला ऐकू आलं. एक पाय नव्हता आता. डावा, उजवा, डावा, उजवा. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत. बेतशीर, सवयीच्या माणसासारखी चाल. तिने पिशवी पॅसेजमध्ये टाकली आणि काचेचं दार ढकललं.

दुपारचं स्वच्छ ऊन खोलीत आलं होतं. ओडोन त्याच्या खुर्चीत होता. मोजे घातलेले पाय तसेच. खोलीत बाकी कुणी नव्हतं. तिच्या खुर्चीच्या बैठकीतला खळगा हळूहळू वर येत होता, जसा माणूस उठून गेल्यावर येतो.

ती सरळ भिंतीपाशी गेली आणि प्लग उपटला. दिवा विझला, काटे पडले.

पावलं थांबली नाहीत.

डावा, उजवा, डावा. तिच्या पाठीमागून गेली, दारातून बाहेर पडली, पॅसेजमध्ये गेली. ती पावलं आता कशाच्याच ठेक्यात नव्हती. मध्येच थबकत होती, रेंगाळत होती. आणि खुर्चीत ओडोनचा श्वास त्यांच्यामागे धावल्यासारखा व्हायला लागला. पाऊल रेंगाळलं की अडकायचा, दोन पावलं पटापट पडली की धाप लागायची.

"थांबायचं," इर्मा म्हणाली. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि डोळे मिटले. "एक. दोन. तीन."

त्याच्या घशातून घरघर आली. सातपर्यंत ती पोचली असेल. हातातली बोटं गार पडत होती. तिने डोळे उघडले, आणि त्याचा चेहरा पाहिल्यावर तिला आकडे आठवेनात. तिच्या पायांत बाहेरचे बूट होते. तिने टाच उचलली आणि फरशीवर आपटली.

टक.

ओडोनने श्वास घेतला.

टक. श्वास. टक. पुन्हा श्वास. ओठांवर रंग चढू लागला. इर्माच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती टाच आपटत होती, सारख्या अंतराने, एकही न चुकवता. आपण काय सुरू केलंय हे तिला कळत होतं. आधी याचा श्वास बसू दे, मग हळूहळू सोडू. मग बघू.

पॅसेजमध्ये खुंटीवरून कोट काढल्याचा आवाज झाला.

तिने मान वळवली. धुरकट काचेपलीकडे कुणीतरी पाठमोरं उभं होतं. किंचित वाकलेले खांदे, अंगावर तपकिरी कोट चढत होता. एक हात अस्तनीचं तोंड शोधत हवेत चाचपडत होता. नेहमी ती जाऊन ती अस्तनी धरायची. मग हात सापडला, कॉलर नीट झाली आणि घराचं दार उघडून लागलं.

पावलं जिना उतरली. खालच्या मजल्यावर पाल्फीबाईंचा आवाज आला, आधी दबकत, मग मोकळा होत.

"अगंबाई, ओडोन. किती दिवसांनी. बरे आहात ना?"

"बरा आहे, बरा आहे." तो आवाज ओडोनचा होता. शब्दांमध्ये टाचा नसलेला, घशात थोडं हसू असलेला, पूर्वीचा आवाज. "पाव आणायला चाललोय. इर्मा दमलीय जरा."

"दमणारच. तुमच्यापायी जीव टांगणीला होता तिचा."

"ठाऊक आहे मला," तो आवाज म्हणाला. "आता नाही छळणार."

इर्माच्या अंगातलं सगळं बळ त्या आवाजाकडे धावलं. तिला खिडकीपाशी जायचं होतं. नुसतं एकदा वरून पाहायचं होतं, चालणारा कोण आहे ते. खिडकी चार पावलांवर होती. पण चार पावलं टाकायची म्हणजे ठेका सोडायचा.

"ओडोन," तिने खुर्चीतल्याला हाक मारली. "तू आहेस ना? तूच आहेस ना? काहीतरी बोल. आपल्या दोघांनाच ठाऊक असलेलं काहीतरी सांग."

त्याने डोळे उघडले. ते तिच्यावर स्थिरावले, ओळखीचे वाटले, आणि मग वाटले नाहीत. ओठ हलले.

"थां. बू. नको," तो म्हणाला, तिच्या टाचेबरोबर.

तिने पाय बदलला. डावा दमला तेव्हा उजवा. फोन पिशवीत होता, पिशवी पॅसेजमध्ये. ती ओरडली, पाल्फीबाईंना हाका मारल्या, पण खाली रेडिओ लागला होता, आणि या घरातून टकटक ऐकू येण्याची त्यांना आता सवय झाली होती. ऊन कपाटावरून सरकत भिंतीवर गेलं. पोटरीत गोळा आला. खुर्चीतला हात तिच्या हातात ऊबदार होता, जिवंत होता, आणि तिला पिळून काढत होता.

मग जिन्यावर पावलं आली, घराचं दार उघडलं. कोट खुंटीवर लागला. ताज्या पावाचा वास पॅसेजमधून आत आला. स्वयंपाकघरात कपाट उघडलं, सुरी पाटावर ठेवल्याचा आवाज झाला, किटलीत पाणी पडलं. सगळं जिथल्या तिथे, न चाचपडता.

"इर्मा," तिथून हाक आली, घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला मारावी तशी. "काय करतेस तिथे एकटीच? ये, कॉफी टाकलीय."

"आले," इर्मा म्हणाली.

चाळीस वर्षांची सवय. शब्द तोंडातून गेल्यावर तिने खाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय फरशीवर टेकलेले होते, आणि हातातल्या हाताची पकड सुटत चालली होती.